'सगळं करून देतो' म्हणणाऱ्या एजंटाचं पॅकेज

२०२१ च्या उन्हाळ्यात रत्नागिरी-रायगडातली कितीतरी माणसं आखातातल्या नोकरीवरून रजेवर आली आणि गावातच अडकली. कोविडमुळे भारतातून येणाऱ्यांना फेब्रुवारीत सौदीने दार लावलं, एप्रिलच्या अखेरीस यूएईने. अकामा (सौदीत राहण्याचा परवाना) संपत आलेला, कंपनीचा रोज फोन, घरात हप्ते थांबलेले. अशा माणसाला फसवायला फार डोकं लागत नाही. त्या काळात तालुक्याच्या स्टँडजवळच्या एकेका गाळ्यातून परत जाण्याची जी पॅकेजं विकली गेली, त्यांत नेमकं काय होतं हे उलगडून सांगायला हवं. कोविडचे नियम गेले, पण गाळे आहेत तिथेच आहेत आणि माल फक्त नाव बदलून विकला जातोय.

पॅकेजमधल्या सगळ्याच गोष्टी खोट्या नसायच्या, आणि माणूस फसायचा तो त्यामुळेच. सुरुवातीच्या दोन-तीन गोष्टी खऱ्या असत, फक्त त्या फुकटच्या असत. कोविनवरच्या लस प्रमाणपत्राला पासपोर्ट नंबर जोडणं हे एक. जून २०२१ च्या अखेरीस कोविनवरच ही सोय आली: लॉगिन करायचं, 'रेझ अ‍ॅन इश्यू' मध्ये जायचं, पासपोर्टचा पर्याय निवडून नंबर टाकायचा. पाच मिनिटांचं काम, शुल्क शून्य. याचे कुणी दोन हजार घेतले, कुणी पाच. सौदीवाल्यांचं तर आणखी गमतीचं. बंदी असलेल्या देशांत अडकलेल्यांचा अकामा आणि एक्झिट री-एंट्री (देशाबाहेर जाऊन परत येण्याचा व्हिसा) सौदी सरकारने स्वतःहून, विनाशुल्क, वेळोवेळी वाढवली. अर्जसुद्धा नव्हता. एजंट 'जवाजातमध्ये (सौदीच्या पासपोर्ट खात्यात) आपला माणूस आहे' सांगून पैसे घेई, आठवड्याने मुकीम या सौदीच्या व्हिसा तपासायच्या साइटवर वाढलेली तारीख दाखवी, आणि गिऱ्हाईक खूश. तीच तारीख घरी बसून पासपोर्ट नंबर टाकून बघता येत होती. यूएईचं आयसीए अप्रूव्हल, म्हणजे परत येण्याची तिथल्या सरकारची परवानगी, तेही तसंच, एमिरेट्स आयडी आणि पासपोर्टचा तपशील भरला की हिरवी किंवा लाल खूण दिसायची.

ही दोन-तीन कामं 'झाली' की विश्वास बसतो. मग चौथ्या कामाला माणूस प्रश्न विचारत नाही. खोटा माल नेमका तिथे येतो.

आरटी-पीसीआरचं घ्या. ५ ऑगस्ट २०२१ ला यूएईने दार किलकिलं केलं तेव्हा अट होती: नमुना दिल्यापासून ४८ तासांच्या आतला, क्यूआर कोड असलेला निगेटिव्ह रिपोर्ट, आणि वर विमानतळावर उड्डाणाआधी चार तासांच्या आत रॅपिड पीसीआर. आता हे गणित कोकणातून मांडून बघा. घड्याळ स्वॅब घेतल्यापासून चालू होतं, रिपोर्ट हातात आल्यापासून नाही. नमुना तालुक्याला दिला, तिथून तो मोठ्या लॅबला गेला, रिपोर्टला एक दिवस गेला. रत्नागिरी ते मुंबई सव्वातीनशे किलोमीटरच्या वर, त्यात महामार्गाची दशा सगळ्यांना ठाऊक. रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक, आणि २२ जुलैच्या चिपळूणच्या पुरानंतर तर गाडी कधी सुटेल याचाच भरवसा नव्हता. विमानतळावर सहा-सात तास आधी पोचायचं. सरळ उपाय एकच: दोन दिवस आधी मुंबईला जायचं, मुंब्रा-नालासोपारा-लालबागला कुणाकडे तरी उतरायचं आणि नमुना तिथल्याच लॅबमध्ये द्यायचा. राज्य सरकारने दर ठरवून दिला होता. मार्च २०२१ च्या अखेरीपासून केंद्रावर जाऊन केलं तर ५०० रुपये, घरी बोलावलं तर ८००.

एजंट म्हणायचा, "भाऊ, कशाला धावपळ? तू घरातून डायरेक्ट एअरपोर्टला निघ. रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर येईल."

"आणि स्वॅब?"

"त्याचं टेन्शन तू नको घेऊ. सेटिंग आहे."

स्वॅब न घेता आलेला रिपोर्ट कसा असतो ते बघण्यासारखं आहे. एकाच वाडीतल्या तिघांचे, एकाच एजंटाने पाठवलेले रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवा. कागद एकच, लॅबचा लोगो खरा, डॉक्टरची सहीही खरी, कारण ती कुठल्यातरी खऱ्या रिपोर्टवरून उचललेली. नाव, वय, पासपोर्ट नंबर बदललेला, आणि बदललेल्या ओळींचा टाइप बाकीच्यांपेक्षा किंचित जाड. नमुना घेतल्याची वेळ तिघांचीही तीच, अगदी मिनिटासकट. एसआरएफ क्रमांक (प्रत्येक नमुन्याचा सरकारी नोंदणी क्रमांक) १३ अंकी असायला हवा, एकाचा १२ अंकीच. आणि क्यूआर कोड तिन्हींवर एकच. काउंटरवर पहिल्याचा स्कॅन झाला तेव्हा स्क्रीनवर भलत्याच माणसाचा रिपोर्ट उघडला. मागच्या दोघांचे मग स्कॅनही करायची गरज उरली नाही. तिघेही तिथूनच परत. तिकिटं गेली, आणि एजंटाचा फोन 'स्विच ऑफ'.

जरा हुशार एजंट क्यूआर नवा बनवतो. तो स्कॅन केला की लॅबच्या नावासारख्याच दिसणाऱ्या, पण एखादं अक्षर इकडेतिकडे असलेल्या पत्त्यावर जातो, किंवा सरळ गूगल ड्राइव्हवरच्या पीडीएफवर. म्हणून क्यूआर उघडतो की नाही हे बघून भागत नाही, तो कुठल्या पत्त्यावर उघडतो ते बघायचं. लॅबचा फोन नंबर रिपोर्टवरून घ्यायचा नाही, स्वतः शोधायचा आणि एसआरएफ क्रमांक सांगून विचारायचं. खऱ्या लॅबला याचं काही वाटत नाही.

यात सगळ्यात मूर्खपणाचं काय, तर खोट्या रिपोर्टचा उपयोगच नव्हता. विमानतळावरच्या रॅपिडमध्ये पॉझिटिव्ह निघालात की पैसे देऊन घेतलेला निगेटिव्ह कागद बाद.

लस प्रमाणपत्राची फसवणूक जास्त खोल. कोविनच्या प्रमाणपत्रावरचा क्यूआर साध्या कॅमेऱ्याने स्कॅन केला तर कुठलीही वेबसाइट उघडत नाही, 'पीके' या रोमन अक्षरांनी सुरू होणारी अगम्य अक्षरं दिसतात. आत दाबून भरलेली, सही केलेली माहिती असते आणि ती कोविनच्या व्हेरिफाय पानावरच वाचली जाते. ज्याचा क्यूआर साध्या कॅमेऱ्यात छान 'व्हेरिफाइड' असं हिरवं पान उघडतो, ते प्रमाणपत्र बनावट. एवढं एक लक्षात ठेवलं असतं तरी अनेकांचे पैसे वाचले असते.

पण दुसरा प्रकार कोविनच्या तपासणीतही पास होतो. केंद्रावरच्या कुणाला तरी हाताशी धरून, न दिलेला डोस दिल्याची नोंद करायची. नोंद खरी, क्यूआर खरा, दंडात मात्र काहीच नाही. नंतर तोच माणूस खरी लस घ्यायला गेला तर यंत्रणेच्या लेखी त्याचे दोन्ही डोस पुरे झालेले. कांदिवलीच्या एका गृहसंकुलात ३० मे २०२१ ला जे शिबिर झालं, तिथे लोकांना टोचलं होतं, पण लस नव्हती. संशय आला तो प्रमाणपत्रं वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नावाने आल्यावर. म्हणून प्रमाणपत्र हातात आलं की स्वतःच्या नावाआधी केंद्राचं नाव, तारीख आणि बॅच नंबर वाचायचा. तुम्ही गुहागरला असताना डोस ठाण्यात पडला असेल, तर भविष्यात अडकणार तुम्हीच.

'कोव्हॅक्सिनचं कोविशील्ड करून देतो' हा तिसरा प्रकार. सौदी, कुवेत यांच्या यादीत तेव्हा फायझर, अ‍ॅस्ट्राझेनेका, मॉडर्ना, जॉन्सन होत्या. कोविशील्ड अ‍ॅस्ट्राझेनेकात धरली जाई, कोव्हॅक्सिनला जागा नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता कोव्हॅक्सिनला ३ नोव्हेंबर २०२१ ला मिळाली. तोपर्यंत एकदा नोंदलेली लस बदलायचा कुठलाही सरळ मार्ग नव्हता. म्हणजे जो बदलून देत होता तो एकतर कागद खोटा देत होता, किंवा आधारऐवजी पासपोर्टवर दुसरी नोंदणी करून माणसाला तिसरा-चौथा डोस टोचवत होता. कोविशील्डच्या दोन डोसमधलं अंतर मात्र खरोखर कमी होत होतं. परदेशी नोकरी-शिक्षणासाठी ८४ दिवसांऐवजी २८ दिवसांनी दुसरा डोस मिळे, जून २०२१ पासून, पासपोर्ट आणि नोकरीचा कागद दाखवून, सरकारी केंद्रावर फुकट. त्याचेही पैसे घेतले गेलेच.

आणि ओटीपी. एजंटाने कोविनची नोंदणी स्वतःच्या मोबाइलवर केली की प्रमाणपत्र त्याच्या ताब्यात. एका नंबरवर आधी चार, जानेवारी २०२२ पासून सहा माणसं बसत. मग 'उरलेले पैसे दे, पीडीएफ पाठवतो.' मूळ पासपोर्ट ठेवून घेणाऱ्याची तीच नियत. पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता आहे, तो अडकवून ठेवायचा अधिकार कुठल्याही एजंटाला नाही. 'पोलिसांत जातो' म्हटलं की बहुतेक वेळा अर्ध्या तासात ड्रॉवरमधून निघतो.

मोठी रक्कम बुडाली ती तिसऱ्या देशाच्या पॅकेजमध्ये. सौदीला थेट जाता येत नव्हतं, पण मान्य देशात १४ दिवस राहून जाता येत होतं. लोक नेपाळमार्गे निघाले, एप्रिल २०२१ च्या अखेरीस नेपाळने ती वाट बंद केली. मग मालदीव, तर १३ मेपासून मालदीवने दक्षिण आशियातल्या पर्यटकांना थांबवलं, ते १५ जुलैपर्यंत. इथे सगळेच एजंट चोर होते असं म्हणता येणार नाही, नियम खरंच रातोरात बदलत होते. पण वाट बंद झाल्यावरही पैसे घेणारे होते, आणि हॉटेलचं व्हाउचर म्हणून घरी टाइप केलेला कागद देणारेही. व्हाउचरवरचा बुकिंग नंबर देऊन हॉटेलच्या स्वतःच्या साइटवरच्या पत्त्याला ईमेल टाकून विचारणं एवढंच करायचं होतं.

तिकिटाचं सुद्धा असंच. पीएनआर (बुकिंगचा क्रमांक) असणं म्हणजे तिकीट असणं नव्हे. एजंट सीट धरून ठेवतो, पीएनआर छापून देतो, पैसे भरत नाही, दोन दिवसांनी बुकिंग आपोआप पडतं. मोठ्या कंपन्यांच्या पक्क्या तिकिटावर १३ अंकी तिकीट क्रमांक असतो, पहिले तीन अंक कंपनीचे: एअर इंडियाचे ०९८, एमिरेट्सचे १७६. स्वस्त विमान कंपन्यांत बऱ्याचदा पीएनआरवरच सगळं चालतं, तिथे कंपनीच्या साइटवर जाऊन 'कन्फर्म्ड' दिसतंय का ते बघायचं. आणि उडण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा बघायचं, कारण रद्द केलेल्या तिकिटाचे पैसे एजंटाच्या खात्यात जातात हे त्याला चांगलं माहीत असतं.

आता आजचं. त्याच गाळ्यांत सध्या जहाजावर जाणाऱ्या पोरांना यलो फीव्हरची (पीतज्वराची) लस घेतल्याचं पिवळं कार्ड विकलं जातं. हे कार्ड लस टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून लागू होतं आणि २०१६ पासून आयुष्यभर चालतं. जहाज चार दिवसांनी, म्हणून 'मागची तारीख टाकून देतो'. लस फक्त केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या यादीतल्या केंद्रांवर मिळते, मुंबईत ती आहेत. एका कुपीत बरेच डोस असतात आणि कुपी फोडल्यावर सहा तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रं ठरलेल्या दिवशी, आधी नाव नोंदवून बोलावतात. एजंट या थांबण्यालाच 'अपॉइंटमेंट मिळत नाही' म्हणून विकतो. आफ्रिकेतून परतताना कार्ड चाललं नाही तर मुंबईत सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन. शिवाय अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्याला ही लस देत नाहीत आणि साठीच्या पुढच्यांना डॉक्टर विचार करून देतात. विकत आणलेल्या कार्डाने यातलं काही तपासलेलं नसतं. मक्केच्या उमरा यात्रेसाठी लागणाऱ्या मेनिंजायटिस लशीलाही पोचण्याआधी दहा दिवसांची अट आहे, तिथेही हीच मागची तारीख चालते.

पैसे गेलेच तर आधी फोन सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला, आणि तोही त्याच दिवशी. रक्कम पुढच्या खात्यातून निघायच्या आत गोठवता आली तरच काही हाताला लागतं. यूपीआयचा १२ अंकी व्यवहार क्रमांक, व्हॉट्सअ‍ॅपची पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून, एजंटाने पाठवलेले मूळ पीडीएफ (स्क्रीनशॉट नव्हे, मूळ फाइल, कारण ती कधी आणि कशात बनवली ते तिच्यात असतं) हे सगळं जपायचं. विमानातून उतरवलं असेल तर कारण लेखी मागायचं. तिकिटाच्या रिफंडसाठी विमान कंपनीलाही लिहायचं. एजंट कंपनीचा प्रतिनिधी धरला जातो आणि परताव्याची जबाबदारी डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमाप्रमाणे कंपनीवर येते. ही ओळ पत्रात घातली की उत्तराचा सूर बदलतो.

बरेच लोक तक्रारच करत नाहीत, कारण खोटा कागद आपणच मागितला होता ही भीती. ती अगदी निराधार नाही. बनावट कागद माहीत असून वापरणं हाही गुन्हाच आहे. एजंटाचं सगळं गणित त्या भीतीवर उभं आहे. म्हणून पोलीस स्टेशनला जाण्याआधी तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जाऊन वकिलाशी बोलावं. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्नाच्या माणसांना तिथे वकील विनामूल्य मिळतो. जाताना चॅट सोबत न्यावी, त्यातली आपल्याला अडचणीची वाक्यं न पुसता.