ओलं फडकं की छोटा ब्रश?
नाशिकला, पंचवटीतल्या घरी सासूबाई बोटाला मलमलचं ओलं फडकं गुंडाळून नातीच्या हिरड्या पुसायच्या. दात येईपर्यंत हेच उत्तम, ब्रशची घाई नको. पण साधारण सहाव्या महिन्यात पहिला दात डोकावला की मी ब्रशच्या बाजूने. फडक्याने दाताचा दर्शनी भाग पुसला जातो. हिरडीलगतचा पांढुरका थर तसाच राहतो. लेकीचा वरचा ओठ उचलून पाहिला तेव्हा तो मला दिसला, आणि जीव चरकला. दाढांच्या खाचांत तर फडकं पोचतच नाही. ब्रशवर फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, ३ वर्षांपर्यंत एवढीच. रात्री ब्रश झाल्यावर मात्र दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवू नका; वरचे पुढचे दात त्यानेच आधी किडतात.