बिटकॉइन नुसतं धरून ठेवायचा रिव्ह्यू: पाचपैकी साडेतीन स्टार

ॲपचे रिव्ह्यू सगळेच लिहितात, मी डायरेक्ट मालाचाच लिहितोय. २०१९ पासून थोडं थोडं घेत आलोय, विकलं जवळपास नाहीच. तेव्हा आरबीआयच्या २०१८ च्या सर्क्युलरमुळे बँका एक्सचेंजना, म्हणजे कॉइन खरेदी-विक्रीच्या ॲपना, उभंच करत नव्हत्या, मग पी टू पी वर, म्हणजे माणसाकडून थेट माणसाला, कुठल्यातरी अनोळखी माणसाला पैसे पाठवायचे आणि कॉइन येईपर्यंत देवाचं नाव घेत बसायचं, मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टाने ते सर्क्युलर उडवलं तेव्हा कुठे जरा सुटसुटीत झालं.

आता ग्राफ. २०११ च्या सुरुवातीला एक डॉलर, २०१३ च्या शेवटी हजाराच्या वर, डिसेंबर २०१७ ला वीस हजाराला टेकलं, नोव्हेंबर २०२१ ला ६९ हजार, डिसेंबर २०२४ ला लाख पार. युट्युबवाले एवढंच दाखवतात, आणि स्केल असा लावतात की मधले खड्डे दिसतच नाहीत. पण २०११ मध्येच ३० वरून २ डॉलरवर आलं होतं, २०१४ ला माउंट गॉक्स हे एक्सचेंज बुडालं आणि हजाराचं जानेवारी २०१५ पर्यंत दोनशेच्या आत आलं, मग २०१८ ला वीस हजाराचं ३२००, मग २०२२ ला एफटीएक्स हे एक्सचेंज गेलं तेव्हा १६ हजाराच्या खाली. चारही वेळा पाऊण भागाहून जास्त किंमत साफ. कांदा सोडला तर एवढा पडणारा माल मी तरी बघितला नाही.

आणि जरा रुपयात हिशोब करा राव, तो कोणीच करत नाही. डिसेंबर २०१७ च्या टोकाला डॉलर ६४ चा, म्हणजे एक बिटकॉइन साधारण साडेबारा लाख. नोव्हेंबर २०२२ ला डॉलर ८१ च्या पुढे, म्हणजे एक बिटकॉइन तेरा लाखाच्या आसपास. पाच वर्षं गप धरून बसला तो माणूस आणि हातात काय तर मुद्दल, ते पण रुपया घसरला म्हणून, एफडीत लाखाचे एक लाख तीस-पस्तीस हजार तरी झाले असते. हाच माणूस एकच वर्ष उशिरा, डिसेंबर २०१८ ला आला असता तर सव्वादोन लाखात मिळालं असतं, आणि २०२२ च्या त्याच पडलेल्या भावाला सुद्धा पाच पटीच्या वर असता. त्यामुळे होल्ड केलं की फळ मिळतंच हे अर्धंच खरं, कुठल्या वर्षी शिरलात त्यावर बरंच आहे. म्हणून एकरकमी नको, दर महिन्याला थोडं.

बरं धरून ठेवल्याचं व्याज नाही, डिव्हिडंड नाही. दर चार वर्षांनी हाल्विंग होतं, म्हणजे नवीन कॉइन निघायचं प्रमाण निम्मं होतं, एप्रिल २०२४ पासून एका ब्लॉकला, म्हणजे व्यवहारांच्या एका गठ्ठ्याला, ३.१२५ च नवीन कॉइन येतात, एकूण २ कोटी १० लाखाच्या वर कधी जाणार नाहीत, भावाची सगळी मदार त्या टंचाईवर. व्याज देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा, सेल्सियस नावाच्या कंपनीने तेच सांगून २०२२ ला लोकांचे पैसे अडकवले.

दीड स्टार कापलाय त्यातला एक आपल्या टॅक्सचा. २०२२ पासून नफ्यावर सरळ ३० टक्के, वर सेस, एक दिवस ठेवा नाहीतर दहा वर्षं, रेट तोच! लाखाचे पाच लाख झाले तर १,२४,८०० सरकारचे. शेअरमध्ये वर्षभर थांबून तेवढाच नफा काढला तर १२.५ टक्क्याने, सव्वा लाखाची सूट आणि सेस धरून, ३५,७५० भरायचे. तोटा झाला तर कशातच वजा होत नाही, पुढे ओढता पण येत नाही. आणि विकताना १ टक्का टीडीएस कापतात, तोटा असला तरी, तो रिटर्न भरताना ॲडजस्ट होतो, तेवढं विसरू नका.

उरलेला अर्धा सांभाळायच्या कटकटीचा. जुलै २०२४ ला वझीरएक्स हे भारतातलं एक्सचेंज हॅक झालं, २३ कोटी डॉलरच्या आसपास गेले आणि लोकांचं वर्षाहून जास्त अडकलं. मोठी रक्कम असेल तर हार्डवेअर वॉलेट, म्हणजे कॉइनची चावी स्वतःकडे ठेवायचं छोटं यंत्र, घ्या, पण मग ते परत उघडायचे २४ शब्द कागदावर लिहून तुम्हीच जपायचे, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवू नका. डिमॅटला असतो तसा नॉमिनी इथे नसतो, त्यामुळे कागद कुठे ठेवलाय ते घरात एकाला तरी सांगून ठेवा, माझ्या बायकोला माहितीय, मुलांना अजून नाही.