पुण्याची गाडी बंगळुरूला: तोच नंबर, नवा नंबर, बीएच की विक्री?

बदलीचं पत्र हातात पडलं की घरभाडं, मुलांची शाळा, गॅसचं कनेक्शन यांची धावपळ सुरू होते आणि गाडीचा विचार मागे पडतो. ट्रकमध्ये सामान चढल्यावर मग फोन येतो, "एमएच-१२ चालेल ना रे तिकडे?" चालेल. किती दिवस चालेल आणि पुढे काय करायचं, हे ठरवताना पोलीस अडवतील का याची धास्ती बाजूला ठेवा. तिथे किती वर्षं राहणार आणि गाडी किती जुनी आहे, या दोनच प्रश्नांवर सगळं ठरतं.

आधी एक गैरसमज दूर करतो. नागपूरहून पुण्याला आलात तर एमएच-३१ बदलावा लागत नाही. राज्य तेच, भरलेला कर तोच. फक्त तीस दिवसांत आरसीवरचा पत्ता बदलायचा. नव्या नंबरचा प्रश्न राज्याची हद्द ओलांडली की येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ नुसार एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, तर तिथला नंबर घ्यावा लागतो. हे बारा महिने विचार करायला आणि कागद जमवायला मिळालेले आहेत असं समजा.

तोच नंबर ठेवणं

प्रोजेक्ट आठ-दहा महिन्यांचा असेल, किंवा वर्षाच्या आत परत यायचं नक्की असेल, तर काहीही बदलू नका. गाडी कर्नाटकात कधी आली याचा पुरावा मात्र जपून ठेवा, कारण तपासणीत तारीख दाखवायची वेळ आपल्यावरच येते. निपाणीच्या अलीकडच्या कोगनोळी टोलनाक्यावर फास्टॅगमधून पैसे कापले जातात, त्याचं स्टेटमेंट यासाठी उत्तम. मला एकदा थांबवलं तेव्हा मोबाइलवर तीच नोंद उघडून दाखवली, सोबत बदलीचं पत्र होतं, आणि पाच मिनिटांत मोकळा झालो. ट्रान्स्पोर्टने गाडी पाठवली असेल तर त्याची बिल्टी, म्हणजे माल पाठवल्याची पावती, ठेवा. विमा भारतभर चालतो, त्यामुळे या काळात त्याची काळजी नाही.

"दर सहा महिन्यांनी पुण्याला चक्कर मारतो, मग बारा महिने होतच नाहीत" असा हिशोब बरेच जण करतात. कंपनी तिथे, भाडेकरार तिथला, मुलांची शाळा तिथली; अशा वेळी दिवाळीतल्या चार दिवसांच्या भरवशावर राहू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

नवा केए नंबर घेणं

हे काम किचकट आहे, पण अवघड नाही. यात क्रम चुकला की महिने जातात.

सुरुवात पुण्यातून करायची. 'वाहन' या सरकारी पोर्टलवर फॉर्म २८ भरून जुन्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र, घ्यायची. थकलेली चलानं त्याआधी भरून टाका, नाहीतर अर्ज तिथेच अडतो. कर्ज चालू असेल तर बँकेची संमती लागते, आणि सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. कायद्याने एनओसीचा निर्णय तीस दिवसांत व्हायला हवा. एनओसीवर नव्या आरटीओचं नाव असतं, म्हणून घर कुठे घेणार हे ठरल्याशिवाय अर्ज करू नका. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या केए-५१ साठी एनओसी काढली आणि घर मिळालं के. आर. पुरमला, जिथे केए-५३ लागतो, तर कागद पुन्हा फिरवावे लागतात. शिवाय एकदा एनओसी निघाली की ती रद्द केल्याशिवाय गाडी पुण्यात विकताही येत नाही.

अर्जाला चेसिस प्रिंट, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरचा कागदावरचा ठसा, लागतो. ते काम पुण्यातच, दिवसाउजेडी उरका. माझ्या गाडीत हा नंबर ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली आहे. कार्पेटची छोटी झडप उचलली की खाली धुळीने भरलेले कोरीव आकडे दिसतात. ओल्या फडक्याने पुसायचं, पूर्ण सुकू द्यायचं, त्यावर कागद घट्ट धरायचा आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासायची. मी घाईत ओल्यावरच घासलं आणि ७ चा १ झाला. पुढे खिडकीवर तो अर्ज परत आला. दोन-तीन प्रिंट जास्तीचे काढून ठेवा.

बंगळुरूत पोहोचल्यावर फॉर्म २७, एनओसी, आरसी, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा आणि गाडीची प्रत्यक्ष तपासणी. मग येतो कर, आणि खरी तुलना इथेच करायची असते. समजा २०२१ साली पुण्यात नऊ लाखांची पेट्रोल गाडी घेतली. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, म्हणजे सुमारे ९९,००० रुपये एकरकमी कर भरला. कर्नाटकात पाच ते दहा लाखांच्या गाडीला १४ टक्के आणि वर उपकर. नव्या गाडीला हेच उपकर सोडून १,२६,००० झाले असते. जुन्या गाडीला वयानुसार त्यातला काही भागच भरावा लागतो. गाडी जितकी जुनी, तितका कमी. दहा लाखांच्या वर गेलात की फरक आणखी वाढतो: इकडे १२ टक्के, तिकडे १७.

पुण्यात भरलेल्या कराचा उरलेल्या वर्षांचा हिस्सा परत मिळतो, ही गोष्ट अनेकांना माहीतच नसते. एजंटही आपणहून सांगेलच असं नाही. पण परतावा आधी आणि नवा कर नंतर, असं होत नाही. आधी कर्नाटकात पूर्ण रक्कम भरायची, नवी आरसी हाती आली की ती आणि कराची पावती जोडून जुन्या आरटीओकडे परताव्याचा अर्ज करायचा. म्हणजे काही महिने दोन्हीकडचे पैसे अडकलेले राहतात. तेवढी रक्कम बाजूला काढूनच या वाटेला लागा. महाराष्ट्रात कर भरल्याची मूळ पावती सापडत नसेल, तर पुणं सोडण्याआधीच तिचा शोध घ्या.

नंबर बदलला की हाय सिक्युरिटी नंबर प्लेट नवी, विम्यात नवा नंबर आणि पत्ता, फास्टॅगलाही नवा नंबर. विम्याच्या हप्त्यासाठी पुणे आणि बंगळुरू दोन्ही शहरं झोन 'ए'मध्ये येतात, त्यामुळे त्या कारणाने फरक पडत नाही. कोल्हापूर किंवा साताऱ्याहून गेलात तर झोन 'बी'मधून 'ए'मध्ये जाता आणि हप्ता थोडा वाढतो.

बीएच नंबर

बीएच म्हणजे 'भारत' मालिकेचा, कुठल्याही एका राज्याचा नसलेला नंबर. दर दोन-तीन वर्षांनी बदली होणाऱ्यांसाठी हीच सोय सगळ्यात चांगली आहे. १५ सप्टेंबर २०२१ पासून ती सुरू झाली. लष्करातले, केंद्र आणि राज्य सरकारचे, सार्वजनिक उपक्रमांतले कर्मचारी आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांतले नोकरदार यांना हा नंबर मिळू शकतो. खासगी नोकरदारांना कंपनीकडून फॉर्म ६० भरून घ्यावा लागतो. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा, आणि गाडीची किंमत जीएसटी वगळून धरली जाते. त्यामुळे सुरुवातीला खिशावर भार कमी पडतो. राज्य बदललं तरी नंबर तोच राहतो.

आधी हा नंबर फक्त नव्या गाडीला मिळत असे. डिसेंबर २०२२ च्या दुरुस्तीनंतर साध्या नंबरची गाडीही पात्र मालकाला बीएचमध्ये नेता येते. पण सगळ्या राज्यांनी दार सारखं उघडलेलं नाही. कर्नाटकात खासगी नोकरदारांना हा नंबर द्यायचा की नाही, हा वाद हायकोर्टापर्यंत गेला होता. म्हणून कंपनी पात्र असेल तर ही चौकशी पुणं सोडण्याआधीच करा. दुसरी अडचण विकताना येते. घेणारा पात्र नसेल तर त्याला आपल्या राज्याचा कर भरून साधा नंबर घ्यावा लागतो, आणि तो खर्च तो तुमच्या किमतीतून वळता करतो.

विकून जाणं

गाडी नऊ-दहा वर्षांची झाली असेल तर माझा कल इकडेच. पंधरा वर्षांनी आरसीचं नूतनीकरण आलंच, आणि एप्रिल २०२२ पासून खासगी कारसाठी त्याची फी ५,००० रुपये झाली. चार-पाच वर्षांच्या वापरासाठी एनओसी, कर, प्लेट आणि रजेचे दिवस घालवणं परवडत नाही. एमएच-१२ पासिंगच्या गाडीला पुण्यातच चांगला भाव येतो. बंगळुरूतला गिऱ्हाईक कराचे पैसे कापूनच बोली लावतो. विकताना विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र घ्या. सलग क्लेम नसेल तर ही सवलत ५० टक्क्यांपर्यंत जाते, आणि ते पत्र तीन वर्षांच्या आत नव्या गाडीसाठी वापरता येतं. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून थांबू नका. आरसीवर घेणाऱ्याचं नाव चढलेलं पोर्टलवर दिसेपर्यंत पाठपुरावा करा, नाहीतर त्याची चलानं तुमच्या मोबाइलवर येत राहतील.

तर तीन-चार वर्षांची गाडी, पाच वर्षं तरी मुक्काम, कंपनी बीएचला पात्र नाही: केए नंबर घ्या, आणि पहिल्या सहा महिन्यांत घ्या. तीच गाडी, पण दोन वर्षांनी हैदराबादची शक्यता आणि कंपनी पात्र: बीएच. मुक्कामाचाच भरवसा नसेल तर एमएच-१२ वर अकरा महिने काढा आणि नवव्या महिन्यात बँकेला संमतीपत्राचा मेल टाका. माझ्या बँकेने ते द्यायला पाच आठवडे लावले होते.