पोस्टग्रेसमधून वेअरहाउसमध्ये डेटा न्यायचा: पोलिंग की डेबेझियम?

ऑर्डरचा डेटा पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये, रिपोर्ट मात्र वेअरहाउसमधून (रिपोर्टसाठीच्या वेगळ्या डेटाबेसमधून) काढायचे. मग एकतर दर पंधरा मिनिटांनी 'मागच्या फेरीनंतर बदललेले रेकॉर्ड दे' अशी क्वेरी मारायची (हेच पोलिंग), नाहीतर डेबेझियम हे टूल लावून डेटाबेसचा बदलांचा लॉगच वाचायचा. मीटिंगमधली चर्चा हमखास 'रिअल टाइम हवं का?' इथे अडकते. माझ्या मते तो नंतरचा प्रश्न. तुमच्याकडे रेकॉर्ड खरोखर डिलीट होतात का, आणि मधल्या अवस्था कुणाला लागतात का, हे आधी विचारा.

पोलिंगला डिलीट दिसतच नाही. जो रेकॉर्ड उरलाच नाही तो क्वेरीत येणार कुठून? दहा वाजून दोन मिनिटांनी 'पेंडिंग' असलेली ऑर्डर पाच मिनिटांत 'पेड' आणि आणखी पाच मिनिटांत 'कॅन्सल' झाली, तर सव्वादहाच्या फेरीला फक्त 'कॅन्सल' मिळतं. रोजच्या विक्रीच्या आकड्याला हे चालून जातं, रिफंडचा हिशेब लावणाऱ्याला नाही.

खरी गोची वेगळीच आहे. रेकॉर्डवर 'कधी बदलला' हा शिक्का सहसा पोस्टग्रेसच्या 'नाऊ' फंक्शनने मारतात, आणि ते ट्रान्झॅक्शन (एकत्र होणाऱ्या बदलांचा गट) सुरू झाल्याची वेळ देतं, कमिटची (बदल पक्के होण्याची) नाही. 10:14 ला सुरू झालेलं ट्रान्झॅक्शन 10:16 ला कमिट झालं, तर 10:15 च्या फेरीला तो रेकॉर्ड दिसत नाही. पुढची फेरी 10:15 नंतरचे मागते आणि याच्यावर शिक्का 10:14 चा! रेकॉर्ड कायमचा सुटला, आणि लॉगमध्ये एररही नाही. उपाय सोपा आहे: प्रत्येक फेरीत दहा-पंधरा मिनिटं मागे जायचं आणि प्रायमरी कीवर (रेकॉर्डच्या ओळख क्रमांकावर) अपसर्ट करायचं, म्हणजे रेकॉर्ड असेल तर अपडेट, नसेल तर इन्सर्ट. फक्त हे अंतर तुमच्या सगळ्यात लांब ट्रान्झॅक्शनपेक्षा मोठं हवं.

डेबेझियम हे सगळं टाळतं. इन्सर्ट, अपडेट, डिलीट, सगळं कमिटच्या क्रमाने येतं. वॉलची (म्हणजे त्याच बदलांच्या लॉगची) लेव्हल 'लॉजिकल' करायला डेटाबेस एकदा रीस्टार्ट करावा लागतो, तेवढं ठीक. पण रेप्लिका आयडेंटिटी (जुन्या रेकॉर्डची किती माहिती लॉगमध्ये लिहायची ती सेटिंग) डीफॉल्ट ठेवली तर डिलीट झालेल्या रेकॉर्डची फक्त की मिळते. तेच इव्हेंट पुन्हाही येऊ शकतात, म्हणजे अपसर्ट इथेही करावंच लागतं. काफ्का (इव्हेंट पोहोचवणारी यंत्रणा) सांभाळायचं नसेल तर डेबेझियम सर्व्हर त्याच्याशिवायही चालतो.

त्याची किंमत मोजावी लागते रेप्लिकेशन स्लॉटमध्ये (लॉग कुठवर वाचला गेला याची पोस्टग्रेसकडची खूण). डेबेझियमचा कनेक्टर बंद पडला की पोस्टग्रेस न वाचलेला वॉल जपून ठेवतं. डिस्क भरते, आणि रिपोर्टसाठी लावलेलं टूल चालू धंद्याचा डेटाबेस आडवा करतं. 13 व्या आवृत्तीपासून (2020) यावर मर्यादा घालता येते, पण डीफॉल्ट अमर्यादच आहे. घातलेली मर्यादा ओलांडली तर स्लॉट बाद होतो आणि स्नॅपशॉट (टेबलांची पूर्ण प्रत) नव्याने घ्यावा लागतो. फेलओव्हरनंतर (मुख्य सर्व्हर पडून राखीव स्टँडबायने काम हाती घेतल्यावर) स्टँडबायवर लॉजिकल स्लॉट टिकण्याची सोय तर थेट 17 व्या आवृत्तीत (2024) आली.

दोन-तीन जणांची टीम आणि सॉफ्ट डिलीट (रेकॉर्ड न काढता नुसती 'डिलीट'ची खूण करणं) असेल तर पोलिंगच घ्या, संकोच नको. पेमेंट, रिफंड, ऑडिट असलं काही असेल तर तेवढ्याच टेबलांना डेबेझियम लावा, बाकी पोलिंगवर राहू द्या. लावण्याआधी गर्दीच्या वेळी तासाला किती वॉल तयार होतो ते मोजा. मोकळ्या डिस्कला त्याने भागलं की कनेक्टर किती तास बंद राहिलेला परवडेल ते कळतं. अलार्म त्याच्या निम्म्यावर लावा.