उत्तर मुंबई की उत्तर-पश्चिम मुंबई? उपनगराचं मतदान अभ्यासायचं तर कुठून सुरुवात करावी

मालाड स्टेशनला पश्चिमेकडे उतरलात की तुम्ही उत्तर मुंबई लोकसभा मतदारसंघात असता. पूर्वेला उतरून कुरार गावाच्या दिशेने चालू लागलात की उत्तर-पश्चिम मुंबईत. नाव एकच, स्टेशन एकच, पण एका बाजूचा खासदार २०२४ मध्ये ३,५७,६०८ मतांनी निवडून आला आणि दुसऱ्या बाजूचा ४८ मतांनी.

उपनगरातला एखादा मतदारसंघ मुळापासून समजून घ्यायचा असेल, मग तो एम.ए.च्या प्रबंधासाठी असो, बातमीदारीसाठी असो की पक्षाचं काम हाती घेण्याआधीची तयारी म्हणून असो, तर बहुतेकांची नजर या दोहोंपैकी एकावर जाते. दोन्हीकडे सतरा-अठरा लाख मतदार, दोन्हीकडे सहा विधानसभा मतदारसंघ, दोन्हीकडे मराठी, गुजराती, उत्तर भारतीय, मुस्लिम, ख्रिस्ती आणि कोळी वस्ती. दोन्ही एकदम हाती घेणं एकट्याच्या आवाक्यातलं नाही. म्हणून ही तुलना.

आधी नकाशा, मग निकाल

या विषयात सर्रास होणारी चूक म्हणजे मतदारसंघाचं नाव तेच आहे म्हणून जागाही तीच असं धरून चालणं. १९५२ मध्ये ‘उत्तर मुंबई’ नावाच्या मतदारसंघात डॉ. बाबासाहेब आंबेडकर काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून हरले. ती जागा शहरातली, द्विसदस्य पद्धतीची, म्हणजे एकाच मतदारसंघातून दोन खासदार निवडणारी होती. आजच्या बोरिवली-दहिसरशी तिचा काही संबंध नाही. उपनगरांचा मतदारसंघ तेव्हा वेगळा होता आणि तिथून जयश्री रायजी निवडून आल्या होत्या. मुळात दहिसरपर्यंतचा पट्टा महापालिकेच्या हद्दीत आला तोच १९५७ मध्ये.

१९६२ ची काँग्रेसचे कृष्ण मेनन विरुद्ध आचार्य कृपलानी ही गाजलेली लढतही ‘उत्तर मुंबई’चीच. मेनन यांना २,९६,८०४ आणि कृपलानींना १,५१,४३७ मतं पडली, म्हणजे जवळजवळ दुप्पट. आचार्य अत्र्यांसारखा काँग्रेसवर तुटून पडणारा माणूस त्या वेळी मेननांच्या बाजूने उभा राहिला होता. पाच वर्षांनी काँग्रेसने मेननांना तिकीट नाकारलं. ते ईशान्य मुंबईतून अपक्ष लढले आणि स. गो. बर्वे यांच्याकडून हरले. बर्वे लगेच वारले, पोटनिवडणूक लागली आणि त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनी मेननांना पुन्हा हरवलं. हा इतिहास जरूर वाचा, पण आजच्या दोहोंपैकी कुठल्याच मतदारसंघाच्या खात्यावर तो मांडू नका.

पुढच्या काळातही तेच. २००४ पर्यंत उत्तर मुंबईत वसई आणि थेट पालघर होतं, शिवाय गोरेगावही. उत्तर-पश्चिमेत वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले होतं. २००८ च्या मतदारसंघ फेररचनेत वसई-पालघर सुटलं, गोरेगाव उत्तर-पश्चिमेत गेलं आणि वांद्रे उत्तर-मध्य मुंबईत. सुनील दत्त यांच्या कन्या प्रिया दत्त २००९ मध्ये उत्तर-मध्यमधून उभ्या राहिल्या त्यामागे हा नकाशाही होता. आज उत्तर मुंबईत दहिसर, बोरिवली, मागाठाणे, चारकोप, कांदिवली पूर्व आणि मालाड पश्चिम येतात. उत्तर-पश्चिमेत दिंडोशी, गोरेगाव, जोगेश्वरी पूर्व, वर्सोवा, अंधेरी पश्चिम आणि अंधेरी पूर्व.

जुना वारसा: इथे उत्तर मुंबई सरस

२००८ पूर्वीच्या इतिहासाचा विचार केला तर उत्तर मुंबई जास्त भरीव आहे, असं माझं स्पष्ट मत. १९७७ मध्ये इथून मृणाल गोरे जनता पक्षाच्या खासदार झाल्या. गोरेगावच्या नळांसाठी हंडे घेऊन मोर्चे काढणारी ही बाई. ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही त्या विजयाची घोषणा आजही जुन्या गोरेगावकरांच्या तोंडी आहे. १९८० मध्ये जनता पक्षाचे रवींद्र वर्मा आणि १९८४ च्या लाटेत काँग्रेसचे अनुपचंद शाह निवडून आले.

मग १९८९ पासून राम नाईक, सलग पाच वेळा. बोरिवलीचे आमदार म्हणून तीन वेळा निवडून आलेला, लोकलच्या प्रवाशांचे प्रश्न घेऊन वर आलेला हा कार्यकर्ता पुढे केंद्रात पेट्रोलियम मंत्री झाला. भाजपची इथली शाखा-शाखांची बांधणी त्याच काळातली. तरीही २००४ मध्ये गोविंदा काँग्रेसकडून उभा राहिला आणि ४८,२७१ मतांनी जिंकला. सिनेमाचं वलय हे कारण लगेच सांगितलं जातं, पण ते पुरेसं नाही. वसई-पालघर पट्टा तेव्हा याच मतदारसंघात होता, आणि तिथलं राजकारण बोरिवलीच्या राजकारणावर चालत नव्हतं. अभ्यासकाने या निकालात तालुका आणि उपनगर वेगळं काढून पाहावं.

उत्तर-पश्चिमेचा जुना वारसा मोठ्या नावांचा आहे. १९७७ मध्ये राम जेठमलानींनी कायदामंत्री ह. रा. गोखले यांना पाडलं आणि १९८० मध्ये जागा राखली. १९८४ मध्ये सुनील दत्त यांनी जेठमलानींना हरवलं आणि ते पाच वेळा इथून निवडून आले. मधल्या १९९६ आणि १९९८ या दोन निवडणुका शिवसेनेच्या मधुकर सरपोतदारांच्या. पण हे सगळं वांद्र्यासह असलेल्या मतदारसंघाचं. दत्तसाहेबांचा मतदार आजच्या दिंडोशीत शोधू नका.

२००९ नंतर: चार निवडणुका, एकच नकाशा

खरी तुलना इथून सुरू होते. विजेता आणि मतांचा फरक असे:

२००९ — उत्तर: संजय निरुपम (काँग्रेस), ५,७७९. उत्तर-पश्चिम: गुरुदास कामत (काँग्रेस), ३८,३८७.
२०१४ — उत्तर: गोपाळ शेट्टी (भाजप), ४,४६,५८२. उत्तर-पश्चिम: गजानन कीर्तिकर (शिवसेना), १,८३,०२८.
२०१९ — उत्तर: गोपाळ शेट्टी (भाजप), ४,६५,२४७. उत्तर-पश्चिम: गजानन कीर्तिकर (शिवसेना), २,६०,३२८.
२०२४ — उत्तर: पीयूष गोयल (भाजप), ३,५७,६०८. उत्तर-पश्चिम: रवींद्र वायकर (शिवसेना, शिंदे गट), ४८.

पहिल्या तीन ओळी एकत्र वाचा. दोन्ही मतदारसंघ एकाच दिशेने झुकले आहेत. २००९ चा काँग्रेसचा विजय दोन्हीकडे मनसेमुळे सुकर झाला. उत्तर मुंबईत राम नाईकांना २,४९,३७८ आणि मनसेच्या शिरीष पारकरांना १,४७,५०२. दोन्ही मिळून चार लाखांच्या जवळ, आणि निरुपम जिंकले २,५५,१५७ वर. उत्तर-पश्चिमेत कीर्तिकरांना २,१५,५३३, मनसेच्या शालिनी ठाकरेंना सव्वा लाखाच्या आसपास, आणि कामतांना २,५३,९२०. मनसेचं प्रत्येक मत युतीचंच होतं असं नाही, पण फरकाच्या मानाने तो आकडा इतका मोठा आहे की २०१४ ला जागा उलटल्या याचं आश्चर्य वाटायला नको. मोदी लाट आली हे खरंच, पण तिच्याखालची जमीन आधीपासून तशीच होती.

मग २०२४ ला दोघांच्या वाटा वेगळ्या का झाल्या? उत्तर मुंबई युतीत भाजपच्या वाट्याची होती आणि उत्तर-पश्चिम शिवसेनेच्या, हे माझ्या मते या सगळ्या तुलनेतलं सर्वांत महत्त्वाचं कारण. २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा उत्तर मुंबईत भाजपची घडी जशीच्या तशी राहिली. उत्तर-पश्चिमेत मात्र शाखा, गटप्रमुख आणि मतदार हे सगळंच मधोमध फाटलं. वडील गजानन कीर्तिकर शिंदेंकडे, मुलगा अमोल ठाकरेंचा उमेदवार. आणि समोरचे वायकर स्वतः निवडणुकीच्या तोंडावर, मार्च २०२४ मध्ये ठाकरेंना सोडून गेलेले.

आकडे हेच सांगतात. २०१९ ते २०२४ मध्ये उत्तर मुंबईत विजेत्याची मतं ७,०६,६७८ वरून ६,८०,१४६ वर आली, म्हणजे साधारण साडेसव्वीस हजारांची घट. उत्तर-पश्चिमेत ती ५,७०,०६३ वरून ४,५२,६४४ वर आली, म्हणजे एक लाख सतरा हजारांहून जास्त. उत्तर मुंबईत काँग्रेसची मतं सुमारे ८१ हजारांनी वाढली, त्यात ठाकरेंच्या शिवसैनिकांचा हातभार असणारच. पण साडेचार लाखांच्या खोल विहिरीत ते पाणी तळाशीच राहिलं.

अठ्ठेचाळीस मतं जवळून

४ जून २०२४ च्या मोजणीचे आकडे नीट पाहण्यासारखे आहेत. ईव्हीएमच्या मतांत अमोल कीर्तिकर ४,५१,०९५ आणि वायकर ४,५१,०९४. म्हणजे यंत्रांच्या मोजणीत कीर्तिकर एका मताने पुढे. टपाली मतं कीर्तिकरांना १,५०१ आणि वायकरांना १,५५०. बेरीज ४,५२,५९६ विरुद्ध ४,५२,६४४. बाद ठरलेल्या १११ टपाली मतपत्रिकांची फेरतपासणी झाली, कारण फरक बाद मतांपेक्षा कमी असला की ती करावीच लागते. नोटाला (‘वरीलपैकी कुणीही नाही’) इथे पंधरा हजारांहून जास्त मतं होती आणि वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला दहा हजारांच्या आसपास. कीर्तिकर उच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०२४ मध्ये याचिका फेटाळली गेली.

ही चुरस त्या दिवसापुरती नव्हती. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेत या सहा जागा तीन-तीन अशा वाटल्या गेल्या. जोगेश्वरी पूर्वेत वायकरांच्या पत्नी मनीषा वायकर ठाकरेंच्या अनंत नर यांच्याकडून १,५४१ मतांनी हरल्या. दिंडोशीत सुनील प्रभूंनी संजय निरुपमांना हरवलं. हेच निरुपम २०१९ ला काँग्रेसचे होते आणि आता शिंदेंच्या शिवसेनेचे. अंधेरी पूर्वेची गोष्ट तर वेगळ्या प्रकरणाची आहे. २०२२ च्या पोटनिवडणुकीत भाजपने मुरजी पटेलांचा अर्ज मागे घेतला, ऋतुजा लटके ठाकरे गटाच्या मशाल चिन्हावर जिंकल्या आणि १२,८०६ मतं घेऊन नोटा दुसऱ्या क्रमांकावर राहिला. दोन वर्षांनी तेच पटेल शिंदे गटाच्या धनुष्यबाणावर उभे राहिले आणि लटकेंना हरवून आमदार झाले.

उत्तर मुंबईत त्याच विधानसभेत सहापैकी पाच जागा महायुतीकडे गेल्या, बोरिवलीत तर लाखाच्या आसपास फरकाने. मालाड पश्चिम तेवढी काँग्रेसच्या अस्लम शेख यांनी राखली, २००९ पासून सलग चौथ्यांदा. चारकोप-गोराईच्या म्हाडा सेक्टरांपासून मालाड पश्चिमेतली मालवणी काही फार लांब नाही, पण दोन्हीकडच्या केंद्रांचे आकडे दोन वेगळ्या शहरांचे वाटावेत असे असतात.

उत्तर मुंबईत चुरस असते ती तिकिटाची. गोपाळ शेट्टींसारख्या साडेचार लाखांनी जिंकणाऱ्या खासदाराला बाजूला करून २०२४ ला गोयल आले. ती त्यांची पहिलीच लोकसभा निवडणूक. पुढे विधानसभेला बोरिवलीत बाहेरचा उमेदवार दिला म्हणून शेट्टींनी अपक्ष अर्ज भरला आणि नंतर मागे घेतला. मतदानाच्या दिवसापेक्षा त्या आठवड्यांत या मतदारसंघाचं राजकारण जास्त उघडं पडलं.

मग निवड कुणी कुठली करावी

पक्षासाठी किंवा मतदार नोंदणीसाठी प्रत्यक्ष काम करायचं असेल तर उत्तर-पश्चिमेत जा, दुसरा विचार नको. २०२४ ला इथे सुमारे ५५ टक्के मतदान झालं, उत्तरेत ५७. घर बदलल्यावर मतदार यादीतला पत्ता बदलण्याचा फॉर्म ८ न भरल्याने राहून गेलेलं एकेक नाव इथे मोलाचं आहे.

बातमीदारालाही उत्तर-पश्चिमच द्यावी, पण एक ताकीद: ४८ या आकड्यावरून मतदारसंघाचा स्वभाव ठरवू नका. तो एका फुटीनंतरचा, एका दिवसाचा निकाल आहे. २०१४ आणि २०१९ पाहिलं तर हीच जागा सुरक्षित वाटत होती.

प्रबंध लिहिणाऱ्याला मात्र मी उत्तर मुंबई सुचवेन, बहुतेक मार्गदर्शक उलट सांगतील तरी. ५,७७९ ने गमावलेली जागा पाच वर्षांत साडेचार लाखांनी कशी जिंकली जाते, हा प्रश्न ४८ मतांपेक्षा जास्त टिकाऊ आहे. त्याचं उत्तर एका पक्षाच्या तीस-पस्तीस वर्षांच्या बांधणीत, फेररचनेत आणि मनसेच्या उदयास्तात विभागलेलं आहे, आणि तिन्ही धागे कागदोपत्री सापडतात. उत्तर-पश्चिमेत २०२२ नंतरचं बरंचसं मुलाखतींवर अवलंबून राहील, आणि दोन्ही गटांतले लोक अजून एकमेकांवर चिडलेले आहेत.

कुठलाही निवडलात तरी पहिलं काम फॉर्म २० उतरवून घेण्याचं. केंद्रनिहाय मतांचा हा तक्ता राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. चारही निवडणुकांचे तक्ते शेजारी ठेवा, पण केंद्र क्रमांकावरून जुळवणी करू नका. क्रमांक दर वेळी सरकतात. शाळेच्या किंवा सोसायटीच्या नावावरून जुळवा. आणि घाई करा. २०२७ ची जनगणना होऊन पुढची फेररचना झाली की हे नकाशे बदलणार, आणि कुरार-मालवणीमधली ही सीमारेषा कदाचित दुसरीकडेच गेलेली असेल.