टर्बो गाडीचं इंजिन ऑइल कुठे बदलायचं: घरी, ओळखीच्या गॅरेजात की कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला?

साध्या पेट्रोल इंजिनात ऑइल बदलायला थोडा उशीर झाला तर ते बहुधा निभावून नेतं. टर्बो गाडीचं, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा असलेल्या गाडीचं, तसं नाही. लहान गाड्यांमधल्या टर्बोचा दांडा भर वेगात मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो, आणि तो बेअरिंगला टेकून नव्हे, तर केसाहून बारीक अशा ऑइलच्या थरावर फिरतो. त्याच दांड्याच्या एका टोकाला एक्झॉस्टचा झोत असतो. पेट्रोल टर्बोत जोर लावल्यावर त्याचं तापमान ९०० अंशांच्या वर जातं. थकलेलं ऑइल तिथे करपतं, त्याची काजळी बारीक वाहिन्यांत बसते आणि बेअरिंगला ऑइल कमी पडू लागतं. टर्बो आवाज करू लागेपर्यंत नुकसान होऊन गेलेलं असतं.

म्हणून जागा ठरवताना ‘कुठे स्वस्त पडेल’ हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न हा की योग्य प्रतीचं ऑइल, नेमक्या मापात आणि वेळेवर पडलं, हे तुम्हाला कुठे खात्रीने कळेल?

आधी ऑइलचं ठरवा

हे कुठेही गेलात तरी लागू आहे. गाडीचं मॅन्युअल उघडा आणि तीन गोष्टी टिपून घ्या: घट्टपणा (०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० वगैरे), प्रत (एपीआय हे अमेरिकेतलं किंवा एसीईए हे युरोपातलं मानक), आणि फिल्टर बदलून लागणारं माप. लहान टर्बो इंजिनांत हे माप साधारण तीन ते साडेचार लिटरच्या दरम्यान असतं. दोन गाड्यांची इंजिनं सारख्याच सीसीची असली तरी माप सारखं असेलच असं नाही.

डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या) टर्बो पेट्रोलला एपीआय एसपी किंवा त्याच्या वरची प्रत घ्यावी. कमी आरपीएमवर वरच्या गिअरमध्ये जोरात पाय दिला की कधीकधी स्पार्क पडायच्या आधीच मिश्रण पेटतं. हा तडाखा पिस्टनच्या रिंगांमधली धातूची कड तोडू शकतो. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटचा याच्याशी संबंध दिसला, म्हणून २०१८ मध्ये एसएन प्लस आणि मे २०२० मध्ये एसपी ही प्रत आली. एसपीत टायमिंग चेनच्या झिजेचीही चाचणी आहे. डब्यावर ‘फुली सिंथेटिक’ एवढंच मोठ्या अक्षरांत असेल आणि प्रत जुनी असेल, तर तो डबा दुकानातच राहू द्या.

डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या बीएस-६ डिझेलला कमी राखेचं ऑइल लागतं, म्हणजे मॅन्युअल सांगेल त्याप्रमाणे एसीईए सी२ किंवा सी३. काजळी डीपीएफमध्ये जळून जाते, पण ऑइलची राख जळत नाही. ती साठत जाते आणि महागडा फिल्टर अकाली बाद होतो.

‘आपल्याकडे उन्हाळा कडक, जरा जाड ऑइल टाका’ हा सल्ला सर्रास मिळतो. मॅन्युअलने जाड पर्याय दिलाच असेल तर जरूर टाका. दिला नसेल तर नको. सकाळी थंड इंजिन सुरू करताना जाड ऑइल टर्बोपर्यंत उशिरा पोचतं, आणि दांड्याची झीज तेव्हाच जास्त होते.

सर्व्हिस सेंटर

वॉरंटी चालू असेल तर वार्षिक सर्व्हिस इथेच करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. उद्या टर्बो गेला तर पहिली मागणी सर्व्हिसच्या नोंदींची होते. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना दंड ठोठावताना, बाहेरच्या गॅरेजात काम केलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असंही बजावलं होतं. कंपन्या अपिलात गेल्या. पण ग्राहकाने हा वाद घालत बसण्यापेक्षा शिक्का मारलेली नोंद हाती असणं बरं.

इथली अडचण अशी की काम नजरेआड होतं. ऑइल बहुतेकदा मोठ्या बॅरलमधून गनने भरतात. गाडी देताना जॉब कार्डवर ऑइलची प्रत लिहून घ्या आणि बिलातलं माप मॅन्युअलशी ताडून बघा. ३.६ लिटर ऑइल लागणाऱ्या इंजिनाला बिलात चार लिटर लागले असतील तर दोनच शक्यता उरतात: पैसे जास्त गेले किंवा ऑइल जास्त गेलं. दुसरी जास्त वाईट. ड्रेन नटचा (जुनं ऑइल सोडायच्या तळच्या नटचा) वायसर बिलात वेगळा दिसतो का, तेही बघा. दिसत नसेल तर बहुधा जुनाच लावला असणार.

ओळखीचं गॅरेज

वॉरंटी संपलेल्या गाडीला हा पर्याय बहुतेकांना सर्वांत सोयीचा पडतो, पण एका अटीवर: ऑइल आणि फिल्टर तुम्ही न्यायचा आणि काम होईपर्यंत तिथे उभं राहायचं. गॅरेजात रॅम्प किंवा खड्डा असतो, हातात सफाई असते, आणि जुनं ऑइल ओतायला बॅरल असतो. मजुरी काही शे रुपये.

ड्रममधलं सुटं ऑइल टर्बोत घालू देऊ नका. बनावट मालही बाजारात आहे. त्यामुळे डबा अधिकृत विक्रेत्याकडून किंवा तेल कंपनीच्या पंपावरून बिलासह घ्या, सील स्वतः फोडा आणि रिकाम्या डब्याला तिथेच भोक पाडा. असे डबे पुन्हा भरून विकले जातात.

गॅरेजातल्या दोन सवयींवर डोळा ठेवा. एक म्हणजे काम संपल्यावर इंजिन लगेच जोरात रेस करणं. फिल्टर आणि वाहिन्या रिकाम्या असतात, टर्बोपर्यंत ऑइल पोचलेलं नसतं, आणि त्या कोरड्या दांड्याला पूर्ण वेग दिला जातो. दुसरी म्हणजे ड्रेन नट लांब पाइप लावून आवळणं. हल्ली बऱ्याच इंजिनांचं तळाचं ऑइल चेंबर अॅल्युमिनियमचं असतं. आटे गेले की चेंबर बदलायची वेळ येते.

घरी: खालून की वरून?

घरच्या कामाचे दोन प्रकार आहेत आणि त्यातला कुठला जमेल ते तुमच्या पार्किंगवर अवलंबून आहे.

खालून म्हणजे ड्रेन नट काढून. सगळं ऑइल, तळाच्या गाळासकट निघतं. त्यासाठी सपाट, टणक जमीन हवी. सोसायटीच्या उतारावर किंवा सैल पेव्हर ब्लॉकवर हा उद्योग करू नये. डिकीतला जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरणं जिवावर बेतू शकतं. जॅक स्टँडची जोडी किंवा चाकं चढवायचे रॅम्प हवेतच. उंच गाडी असेल तर चारही चाकं जमिनीवर ठेवून नटपर्यंत हात पोचतो का ते आधी आडवं होऊन बघा. पोचत असेल तर जॅकची भानगडच नाही.

वरून म्हणजे डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीच्या) नळीतून सक्शन पंपाने ओढून. गाडी उचलायची नाही, नट उघडायचा नाही, आटे जायचा प्रश्न नाही. मात्र तळाशी थोडं ऑइल राहतं, आणि नळी तळापर्यंत पोचली नाही तर बरंच राहतं. शिवाय फिल्टर खालच्या बाजूला असेल तर शेवटी खाली शिरावंच लागतं. ज्या गाडीचा फिल्टर बॉनेट उघडल्यावर वरून निघतो, तिच्यासाठी ही पद्धत उत्तम. काही गाड्यांत डिपस्टिकच नसते, तिथे विषय संपला.

दोन वार्षिक सर्व्हिसच्या मधे घरी एकदा ऑइल बदलायचं असेल तर वरून, आणि पूर्ण सर्व्हिस घरीच करायची असेल तर खालून, अशी आमची शिफारस आहे.

मधे बदलायची गरज का, तर किलोमीटरचा आकडा फसवतो. ऑइल तासांवर झिजतं. हायवेवर ताशी ६० च्या सरासरीने १०,००० किलोमीटर म्हणजे सुमारे १६७ तास. हिंजवडी किंवा घोडबंदर रोडच्या रहदारीत सरासरी २० पडली तर तेच अंतर ५०० तासांचं होतं. बहुतेक मॅन्युअलमध्ये अशा वापरासाठी कमी मुदत वेगळी छापलेली असते, ती शोधा.

घरचं काम, क्रमाने

इंजिन पाच-सात मिनिटं चालवून कोमट करा. ऑइल पातळ होऊन पटकन वाहतं. लांबून आल्या आल्या हात घालू नका. टर्बो आणि एक्झॉस्ट चामडी सोलतील, आणि उकळतं ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं.

गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, जमिनीवरच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे. ऑटोमॅटिक असेल तर पी वर. खालचं प्लास्टिकचं कव्हर काढताना कुठला स्क्रू कुठला, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. लांबी वेगवेगळी असते. ऑइलचं झाकण वरून उघडा आणि पाच-सहा लिटर मावेल असं पसरट घमेलं खाली ठेवा. नट शेवटच्या आट्यांवर आला की आत दाबून धरत फिरवा आणि झटकन बाजूला घ्या. पहिली धार सरळ खाली पडत नाही, फूटभर पुढे जाते. घमेलं त्या अंदाजाने सरकवून ठेवा.

निथळायला पंधरा मिनिटं तरी द्या. तोवर नटाचं टोक बघा. राखाडी लेप चालतो. चमकणारे कण किंवा कपच्या दिसल्या तर नवीन ऑइल ओतून विषय मिटवू नका, आधी जाणकाराला दाखवा. वायसर प्रत्येक वेळी नवा. नट आधी हाताने चार-पाच आटे लावा, मग टॉर्क पान्याने (आवळायचा जोर मोजणाऱ्या पान्याने) मॅन्युअलप्रमाणे आवळा. बऱ्याच गाड्यांत हा आकडा ३० ते ४० न्यूटन-मीटर असतो, म्हणजे मनगटाच्या सवयीपेक्षा बराच कमी.

घरी सर्वांत मोठी चूक फिल्टरपाशी होते. जुना फिल्टर निघतो पण त्याची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहते, आणि वर नव्या फिल्टरची रिंग बसते. दोन रिंगा दाब धरत नाहीत. इंजिन सुरू केल्यावर किंवा थोडं पुढे गेल्यावर ऑइल धो धो बाहेर येतं, आणि टर्बो काही सेकंदांत कोरडा पडतो. काढलेल्या फिल्टरवर रिंग आहे का ते बघा, बसायची जागा फडक्याने पुसा आणि बोट फिरवून खात्री करा. नव्या रिंगला नव्या ऑइलचं बोट लावा. डब्यासारखा फिल्टर टेकल्यावर हाताने आणखी पाऊण फेरा, पाना नको. आत कागदी कार्ट्रिज असलेल्या प्रकारात झाकणाची ओ-रिंग बदला. झाकणावर टॉर्कचा आकडा बहुतेकदा छापलेलाच असतो. फिल्टर तोंड वर करून सरळ बसत असेल तर आधी त्यात ऑइल भरून घ्या, टर्बोची प्रतीक्षा तेवढी कमी होते.

आता भरणं. मापापेक्षा अर्धा लिटर कमी ओता आणि इंजिन सुरू करा. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. दहा सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद करा. ॲक्सिलरेटरला हात-पाय न लावता मिनिटभर आयडलवर ठेवा, गाडीखाली वाकून गळती बघा, बंद करा. गाडी चारही चाकांवर सपाट उभी असताना पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि थोडं थोडं ओतत पातळी दोन खुणांच्या मधे, वरच्या बाजूला आणा. डब्यात उरलेलं राहू द्या. जास्त झालेलं ऑइल क्रँक घुसळतो, फेस होतो, आणि फेस बेअरिंगला धरून ठेवत नाही. तेच ऑइल ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) इनटेकमध्ये जाऊन निळा धूरही देतं. डिझेलमध्ये तर इंजिन स्वतःचंच ऑइल इंधनासारखं जाळत किल्ली बंद केल्यावरही धावत राहू शकतं.

डीपीएफवाल्या डिझेलमध्ये पातळी आपोआप वाढू शकते, हे ध्यानात ठेवा. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत काजळी जाळण्याची प्रक्रिया अर्धवट राहते आणि जादा सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर मुदत संपायची वाट न बघता ऑइल बदला.

शेवटी सर्व्हिसचं रिमाइंडर रीसेट करा. तारीख, किलोमीटर, ऑइलची प्रत वहीत लिहा आणि बिलं त्याच वहीत चिकटवा. पन्नासेक किलोमीटरनंतर पातळी आणि नट पुन्हा बघा.

खर्च आणि जुनं ऑइल

घरी केल्याने वाचते ती फक्त मजुरी आणि ऑइलच्या दरातला फरक. जॅक स्टँड, टॉर्क पाना, घमेलं, फिल्टर पाना यांचा खर्च पहिल्या एक-दोन खेपांत निघत नाही. घरात दोन गाड्या असतील किंवा वर्षातून दोनदा बदलणार असाल तरच हिशेब घरच्या बाजूने झुकतो. एकच गाडी, वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर, आणि पार्किंग उतारावर असेल, तर स्वतःचा डबा घेऊन गॅरेज गाठा.

निघालेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. ते गटारात, मातीत किंवा कचऱ्याच्या गाडीत टाकायचं नाही. सेंटरिंगच्या फळ्यांना लावायला किंवा वाळवीसाठी लाकडाला फासायला ते मागून नेणारे भेटतात. त्यांनाही देऊ नका, वापरलेल्या ऑइलमधली घाण कातडीला आणि विहिरीच्या पाण्याला अपायकारक असते. नव्या ऑइलच्या रिकाम्या डब्यात नरसाळ्याने भरा, जुना फिल्टर रात्रभर पालथा ठेवून निथळून घ्या, आणि ज्या गॅरेजातून अधिकृत रिसायकलर बॅरल उचलतो तिथे दोन्ही नेऊन द्या. असं गॅरेज आसपास आहे का, हे पहिला नट सैल करण्याआधीच विचारून ठेवा.