हेक-रासमध्ये गाळ चालवताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

हेक-रास म्हणजे नदीतल्या पाण्याचा आणि गाळाचा हिशेब करणारं सॉफ्टवेअर. नुसत्या पाण्यासाठी ते वापरलेल्या माणसाला गाळाची खिडकी उघडली की वाटतं, चार रकाने भरले की काम झालं. वहनसूत्र (प्रवाह किती गाळ वाहून नेईल हे काढणारं सूत्र) निवडा, तळाच्या मातीचं कणमान भरा, वरच्या टोकाला गाळ सोडा, रन लावा. रन बिनबोभाट संपतोही. मग नदीचा लांबछेद (लांबीभर तळाची उंची दाखवणारा आलेख) उघडावा, तर तळ करवतीच्या दात्यांसारखा: एक छेद (नदीचा आडवा काप) दोन मीटर खणलेला, पुढचा तेवढाच भरलेला, त्याच्या पुढचा परत खणलेला. कुठलीच नदी असं वागत नाही.

हे सॉफ्टवेअर अमेरिकेच्या लष्करी अभियंता दलाचं, फुकट मिळणारं. पहिली आवृत्ती १९९५ ची. २०१६ मध्ये पाचव्या आवृत्तीत द्विमितीय (लांबीबरोबर रुंदीतलेही फरक धरणारा) प्रवाह आला आणि २०२१ मध्ये सहाव्या आवृत्तीत द्विमितीय गाळ. मी जास्त करून एकमितीय (फक्त लांबीभर, छेदाछेदाने मोजलेल्या) गाळासाठी वापरलं, द्विमितीय थोडंच. महिनोन्‌महिने त्याच्याशी झटल्यावर माझं मत असं झालंय की गाळाच्या मॉडेलमधली निम्म्याहून अधिक दुखणी पाण्याच्या बाजूची असतात.

कारण सूत्रातच आहे. एंगेलुंड-हॅन्सनच्या सूत्रात गाळाचं वहन वेगाच्या पाचव्या घाताप्रमाणे बदलतं. म्हणजे वेग दहा टक्क्यांनी चुकला की गाळ साठ टक्क्यांनी चुकतो. पाण्याच्या मॉडेलमध्ये दहा टक्क्यांची चूक कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, पूररेषा तर जागची हलतही नाही. तीच चूक गाळात गेली की तळाचं वाटोळं होतं.

म्हणून पाणपातळी जुळली यावर समाधान मानू नये, वेगाचा आलेख उघडावा. पुलाजवळची जागा हमखास सापडते. पुलाच्या छेदावर दोन्ही बाजूंचं साचलेलं, न वाहणारं पाणी वगळलेलं असतं, पण लगेच खालच्या छेदावर ते वगळायचं राहून गेलेलं असतं. तिथे पाणी क्षणात पूर्ण रुंदीभर पसरलं असं मॉडेल धरतं, वेग एकदम पडतो आणि पुलाखालून खणलेली सगळी वाळू त्या एका छेदावर येऊन बसते. पातळीची रेषा मात्र या दोन छेदांमधून गुळगुळीत जाते. काठबिंदू (पात्र संपून पूरमैदान सुरू होतं त्या खुणा) एका छेदावर पात्रात आणि पुढच्यावर पूरमैदानात धरले असतील तरी हेच होतं. सर्वेक्षणाचे छेद एकमेकांपासून फार लांब असतील तर मधले छेद प्रोग्रामकडून भरून घेता येतात, पण दोन चुकीच्या छेदांमधला छेदही चुकीचाच येणार.

आता माझा क्रम ठरलेला आहे. आधी गाळ बंद ठेवून एकच स्थिर विसर्ग (दर सेकंदाला वाहणारं पाणी) सोडायचा आणि लांबीभर वेग पाहायचा. तो समजण्याजोगा दिसला की तोच विसर्ग ठेवून गाळ सुरू करायचा. पुराचा आलेख सगळ्यात शेवटी. कंटाळवाणं आहे, पण तिन्ही एकदम लावले की दोष कुठला, हे शोधता शोधता आठवडा जातो.

वरच्या टोकाबद्दल थोडं सविस्तर. गाळाची मोजमापं नसली की बहुतेक जण 'समतोल गाळ' हा पर्याय घेतात. त्यात प्रोग्राम पहिल्या छेदाची वहनक्षमता काढतो आणि तेवढाच गाळ आत सोडतो. पहिला छेद अरुंद किंवा उताराचा पडला, तर तो खालच्या छेदांना न पेलणारा गाळ पाठवत राहतो. दुसऱ्या-तिसऱ्या छेदावर ढीग चढतो आणि माणूस वहनसूत्र बदलत बसतो. मॉडेल वर सरळ, जुन्या काळापासून न बदललेल्या पट्ट्यापर्यंत लांबवलं की बऱ्याचदा हा ढीग विरतो. मोजलेला विसर्ग-गाळ वक्र (किती विसर्गाला किती गाळ येतो तो आलेख) असेल तर उत्तमच, फक्त मोजमाप ज्या विसर्गापर्यंत झालंय त्याच्या पलीकडे तो वक्र किती ताणायचा, हे डोकं शांत ठेवून ठरवावं.

सूत्रांच्या यादीत मेयर-पीटर म्युलर १९४८ चं आहे, प्रयोगशाळेतल्या कालव्यात गोट्यांच्या तळावर बसवलेलं, आणि ते फक्त तळाशी सरकणारा गाळ मोजतं. बारीक वाळूच्या नदीला ते लावलं तर पाण्यात तरंगत जाणारा मोठा हिस्सा हिशेबातच येत नाही. त्यातला ०.०४७ हा आकडा, म्हणजे कण हलायला लागण्याचा उंबरठा, खिडकीतून बदलता येतो. ही सोय मला धोक्याची वाटते. वक्र जुळेपर्यंत तो आकडा ओढत नेणाऱ्या मॉडेलवर मी विश्वास ठेवणार नाही.

टाइम स्टेपचं, म्हणजे हिशेबातल्या एका वेळपायरीचं, पटकन सांगतो. अर्धस्थिर प्रवाहात प्रोग्राम एका पायरीपुरतं पाणी स्थिर धरतो आणि तळ हलवतो. कोरड्या दिवसांत पायरी काही तासांची चालते, पुरात ती मिनिटांवर आणावी लागते. पायरी अर्धी करून पाहा, तळ बदलला तर आधीची मोठी होती. द्विमितीयात कूरांट आकडा (एका पायरीत पाणी किती चौकटी ओलांडतं) बघायचा: २० मीटरच्या चौकटीत २ मीटर प्रति सेकंद वेग असेल तर १० सेकंदांना तो १ होतो.

खटकणारी गोष्ट म्हणजे संदेश. निरुपद्रवी सूचना आणि खरी बोंब एकाच यादीत, एकाच सुरात येतात. मॉडेल उडालं की शेवटची ओळ वाचू नका, वर जाऊन पहिली चूक शोधा आणि तिच्या आजूबाजूचे छेदही तपासा. पुनरावृत्तीची मर्यादा (उत्तर जुळेपर्यंत प्रोग्राम किती वेळा गणित परत करतो) २० ची ४० केल्याने माझं तरी काही सुटलेलं नाही. उलट, पाण्याच्या घनफळाचा हिशेब प्रोग्राम शेवटी स्वतःहून देतो, ही चांगली सवय आहे. त्यातल्या चुकीचा टक्का वाढलेला दिसला की मी गाळाचे निकाल उघडतच नाही.

लांब नदी, अनेक वर्षांचा काळ, धरणामागे साचणारा गाळ: यासाठी एकमितीय पुरतं आणि भराभर चालतं. वळणावरचा डोह आणि आतल्या काठाची वाळूची पट्टी यासाठी नाही, कारण तिथे प्रत्येक छेदाचा वेग सरासरीत जातो. द्विमितीयातही सावध राहा. खोलीभर सरासरी घेतली की वळणावर मळसूत्रासारखा फिरणारा दुय्यम प्रवाह आपोआप येत नाही, त्याची वेगळी दुरुस्ती लागते.